‘रविवारी शिकवायला जातो, पण मुलं टिकत नाहीत’ : वस्तीतल्या कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की शहरातल्या वस्त्यांमध्ये जे काम करतायत आणि जे तिथे राहतायत अशा दोघांनीही प्रश्न पाठवा. बरीच पत्रं आली, काही मेसेज आले, दोन-तीन जणींनी मुलीकडून लिहून घेऊन पाठवलंय. जागेअभावी पत्रं थोडी कापलीत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही सात-आठ मित्रमैत्रिणी नोकरी करतो, ठाण्यात राहतो. जवळच्या एका वस्तीत दर रविवारी सकाळी दोन तास मुलांना फुकट शिकवतो. सुरुवातीला चाळीस मुलं यायची, आता दहा-बारा येतात आणि तीपण दर वेळी वेगळी. आता ग्रुपमधले काही म्हणतात की एनजीओ रजिस्टर करू म्हणजे सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा) पैसा मिळेल, पगारी शिक्षक ठेवता येतील. काय करावं?

उत्तर : रजिस्ट्रेशनचं शेवटी बोलू. आधी मुलं का गळतायत ते बघा, कारण पगारी शिक्षक ठेवले तरी ती तशीच गळतील.

तुम्ही रविवारी सकाळी जाता कारण तुम्हाला तेव्हा सुट्टी असते. वस्तीत रविवार सकाळ म्हणजे काय असतं ते एकदा बघून या. आठवड्याचे कपडे त्याच दिवशी धुतले जातात, पाणी आलं की सगळ्या मुली हंडे घेऊन नळावर, आई जिथे घरकाम करते तिथे रविवारी पाहुणे असतात म्हणून तिला लवकर जावं लागतं आणि मग धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी घरी थांबते. आमच्या अभ्यासिकेत एक पाचवीतली मुलगी कडेवर भाऊ घेऊन यायची, तो रडायचा, वह्या ओढायचा, एका नवीन व्हॉलंटियरने तिला प्रेमानेच सांगितलं की उद्यापासून याला घरी ठेवून ये. ती मान हलवून गेली आणि पुढच्या आठवड्यात आलीच नाही, कारण त्याला ठेवायला घरी कुणी नव्हतंच. घरी जाऊन आलो तेव्हा कळलं. मग कोपऱ्यात एक चटई टाकली, थोडे ठोकळे ठेवले आणि लहान भावंडांना आणायची परवानगी दिली, तेव्हा तिच्यासारख्या अजून चार मुली यायला लागल्या.

त्यामुळे पहिलं काम हे करा की एखाद्या बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी दोघा-दोघांनी घरोघरी जा, शिकवायला नाही, नुसतं बसायला. किती वाजता पाणी येतं, कोण शाळेत जातं, कोण नावापुरतं जातं, कोणाचं नाव कापलंय हे विचारा. सहा ते चौदा वयाचं मूल शाळाबाह्य दिसलं तर ते तुमच्या क्लासला बसवून समाधान मानू नका, त्याला महापालिकेच्या शाळेत घेऊन जा. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की दाखला नाही, जन्माचा कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसलं पाहिजे. शाळा कधीकधी टोलवतात, तेव्हा बरोबर कुणीतरी लिहितं-वाचतं माणूस असलं की फरक पडतो, आणि ते तुम्ही होऊ शकता.

दुसरं म्हणजे, दोन तास आठवड्यातून एकदा यापेक्षा तासभर आठवड्यातून तीनदा जास्त कामाचं. तुम्हाला जमणार नाही हे मला कळतं. पण वस्तीतच बारावी झालेली, लग्न व्हायच्या आधी काहीतरी करू इच्छिणारी एखादी मुलगी असतेच, तिला तुम्ही आठ जणांनी मिळून मानधन द्या, ती रोज संध्याकाळी बसवेल आणि तुम्ही रविवारी तिला मदत करा. मुंबईत १९९५ साली ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं काम सुरू झालं ते वस्तीतल्या अशाच मुलींनी चालवलेल्या बालवाड्यांमधून, समाजमंदिरात, देवळात, कुणाच्या घरच्या पडवीत. त्यांचीच अजून एक गोष्ट घ्या, मुलांचे गट इयत्तेनुसार पाडू नका, वाचता किती येतं त्यावरून पाडा. सहावीतलं मूल अक्षरं जोडत असेल तर त्याला सहावीचं पुस्तक देऊन बसवणं हा त्याचा अपमान आहे आणि ते तो पळून जाऊन दाखवतो.

तिसरं, आणि हे मी प्रत्येक ग्रुपला बजावून सांगते. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड कधीही नको. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो इन्स्टावर नकोत, ‘गरीब पण हुशार’ असल्या कॅप्शनसकट तर मुळीच नकोत. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, घरच्या घरी मिटवायचा विषय नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता रजिस्ट्रेशन. आपल्याकडे साधारण सात जण मिळून १८६०च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट अशी दुहेरी नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करतात, नाहीतर सेक्शन ८ची म्हणजे ना-नफा कंपनी. दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, मग करसवलतीसाठीच्या नोंदण्या (१२ए, ८०जी), सीएसआरसाठी वेगळा फॉर्म. आणि कंपन्यांना नियमच असा आहे की बाहेरच्या संस्थेला सीएसआर द्यायचा तर तिला तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे आज नोंदणी आणि उद्या चेक असं होत नाही. वर्षभर ही अभ्यासिका टिकवा, मुलं कोण, पालक कोण हे नावानिशी माहीत होऊ द्या, मग कागदं करा. वर्षभर टिकली नाही तर नोंदणीने टिकणार नाही.

प्रश्न : मी घरकाम करते, कांजूरला राहते. मागच्या वर्षी मिस्टर वारले, ते नाका कामगार होते. मुलगी सातवीत मुलगा चौथीत. बाई सांगतात मुलांसाठी सरकारचे पैसे मिळतात, एक जण म्हणाला तीन हजार दे मी करून देतो. देऊ का? (मुलीने लिहिले आहे)

उत्तर : ताई, त्याला एक रुपया देऊ नका. अर्ज फुकट आहे.

योजनेचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील वारलेत अशा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लागू होते, एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात करायचा, तुमचा जिल्हा मुंबई उपनगर. मग घरी चौकशीला माणूस येतो आणि बाल कल्याण समिती ऑर्डर काढते. समिती म्हटलं की बायका घाबरतात, मुलं काढून नेतील असं वाटतं. तसं काही नाही, या योजनेत मुलं तुमच्याजवळच राहतात, पैसे त्यासाठीच असतात.

कागद असे जमवा : मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, तुमचं आणि मुलांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दोन्ही मुलांचं शाळेचं बोनाफाइड, बँक पासबुकाची झेरॉक्स, आणि घराच्या दारासमोर मुलांबरोबर उभं राहून काढलेला तुमचा फोटो, तो पोस्टकार्ड साइजचा लागतो. सगळ्याचे दोन सेट करा. एक सेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर खिळ्याला लटकवा, पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की पहिले कागद जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते मुलीला तपासायला सांगा, निम्मे अर्ज तिथेच अडकतात. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्याच, शिक्का आणि तारीख असलेली.

याशिवाय केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून एक योजना आहे, त्यात महिन्याला ४००० रुपये आहेत, शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६ हजारांच्या आत हवं. दोन्हींपैकी तुम्हाला कुठली बसते ते त्याच ऑफिसात विचारा, तुम्हाला विचारायचा हक्क आहे. पिवळं रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर कमावता माणूस गेल्यावर एकदाच २० हजार रुपये मिळतात, तो अर्ज तहसीलदारांकडे. विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजना आहे, महिना १५०० रुपये, पण तिथे वर्षाच्या उत्पन्नाची अट २१ हजार, म्हणजे महिना पावणेदोन हजार! मुंबईत त्यात घरभाडंही निघत नाही, ही अट बदलली पाहिजे असं आम्ही सगळे कितीतरी वर्षं सांगतोय. लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर ते आणि संजय गांधी योजनेचे असे दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

आणि ऑफिसला एकट्या जाऊ नका, शेजारची कुणी सोबत घ्या, तिचंही काम असेल तर तिचाही अर्ज त्याच दिवशी होईल. आणि लेकीला माझ्यातर्फे शाबासकी, अक्षर फार सुंदर आहे.

प्रश्न : घरात जुने कपडे खूप साठलेत, वस्तीत वाटायचे आहेत. कुठे द्यावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : धुतलेले, बटणं शाबूत असलेले, तुमच्या स्वतःच्या भाचीला द्याल असे असतील तरच द्या. रस्त्यावर गठ्ठा उघडून वाटू नका, त्यात ओढाओढ होते आणि माणसं अपमानित होतात. पुण्यात तुमच्या दारात जी कचरावेचक ताई येते तिला विचारा, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाल्यापासून या बायका संघटित आहेत, काय उपयोगी आणि कुणाला हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. शाळेचे बूट आणि छत्र्या असतील तर जूनच्या आधी द्या.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीत गणित आणि विज्ञानात गेला. आता दिवसभर नाक्यावरच्या पोरांत बसतो, गुटखा खातो, रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल. याचे बाबा रिक्षा चालवतात, ते म्हणतात दे कामाला लावून, शिक्षण याच्या नशिबात नाही. मी बोलले की अंगावर येतो. मला रात्र रात्र झोप नाही. — एक आई, कळवा

उत्तर : ताई, आधी एक चांगली बातमी देते जी तुम्हाला शाळेने नीट सांगितलेली दिसत नाही. दोनच विषय गेलेत ना, मग तो एटीकेटीत अकरावीला प्रवेश घेऊ शकतो, राहिलेले विषय पुढे काढायचे. शिवाय बोर्डाची पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते, तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा. म्हणजे त्याचं वर्ष गेलेलं नाहीये. हे त्याला तुम्ही सांगू नका, त्याच्याच शाळेतल्या एखाद्या सरांकडून किंवा जो मुलगा असाच एटीकेटीतून पुढे गेला त्याच्याकडून कळू दे. नापास झालेल्या मुलाला घरच्यांच्या तोंडून अभ्यासाचा शब्द ऐकवत नाही, त्यात त्याला फक्त ‘तू नालायक’ एवढंच ऐकू येतं.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. रिक्षावाल्याच्या घरात दोन पगार लागतात ही खरी गोष्ट आहे. कायद्याने चौदाच्या पुढे धोकादायक नसलेलं काम करता येतं, त्यामुळे त्याने सकाळी एखाद्या दुकानात काम केलं तर आभाळ कोसळत नाही, पण ते शिक्षण सोडून नको. मुंबईत आणि आजूबाजूला रात्रशाळा आणि रात्रीची ज्युनियर कॉलेजं आहेत, दिवसभर राबून संध्याकाळी साडेसहाला दप्तर घेऊन येणारी मुलं तिथे बघायला मिळतात, मासूम ही संस्था २००८पासून मुंबईतल्या रात्रशाळांबरोबर काम करतेय. कॉलेज नकोच म्हणाला तर आयटीआय आहे, वेल्डर, प्लंबर असे काही ट्रेड दहावी न झालेल्यांनाही मिळतात. त्याच्या नाक्यावरच्या मित्रांपैकी कुणी सातवी-आठवीत शाळा सोडली असेल तर त्याच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण असलं की बाहेरून दहावीला बसता येतं. हे मुद्दाम लिहिलं कारण तुमच्या मुलाला मित्रांपासून तोडायचा प्रयत्न केलात तर तो तुमच्यापासून तुटेल, मित्रांना पण काहीतरी मिळालं तर सगळे मिळून हलतात.

नाक्याबद्दल. तिथे पोरं का बसतात? दहा बाय दहाच्या घरात सोळा वर्षांच्या मुलाला पाय पसरायला जागा नसते, नाक्यावर त्याला कुणी नावाने हाक मारतं, चहा पाजतं. तुमच्या भागात गणपती मंडळ असेल, दहीहंडीचं पथक असेल, कबड्डीचा क्लब असेल, तिथला एखादा दादा ज्याचं हा ऐकतो त्याला गाठा. त्याला म्हणा याला कामाला जुंप. आमचा अनुभव असा की मुलगा एखाद्या मोठ्या माणसाच्या सतत नजरेत राहिला, आणि तो माणूस महिन्या-दोन महिन्यांत कंटाळून निघून गेला नाही, तर निम्मी मुलं आपोआप मार्गाला लागतात. मॅजिक बससारख्या संस्था १९९९पासून खेळातून हेच करतायत.

दोन गोष्टी मात्र डोळे उघडे ठेवून बघा. एक, त्याच्याकडे पैसे कुठून येतात. हल्ली नाक्यावरच्या पोरांना हजार-दोन हजार देऊन त्यांचं बँक खातं, एटीएम, सिमकार्ड वापरायला मागतात आणि ते ऑनलाइन फ्रॉडचे पैसे फिरवायला वापरलं जातं, मग पोलीस मुलाच्या दारात येतात. पासबुक भरून आणा. दुसरं, गुटखा. महाराष्ट्रात तो २०१२पासून बंद आहे आणि तरी मिळतो. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे टपरीवाल्याला एकटीने नाही, महिला मंडळाच्या दहा बायकांनी जाऊन सांगायचं. सोडायची तयारी दाखवली तर १८०० ११ २३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. गुटख्याच्या पुढचं काही, गोळ्या, हुंगायचं सोल्यूशन, गांजा असा संशय आला तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६पासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांशीही बोलतात, कारण घरातलं बाकीचं माणूसही आजारी पडलेलं असतं.

तो अंगावर येतो तेव्हा खोलीतून बाहेर पडा, शेजारी जाऊन बसा, वाद त्याच रात्री संपवायचा नाही. आणि तुमची झोप गेलीय त्यासाठी १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, फोन करायला लाज वाटून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या गटातल्या दहा जणींनी फायनान्सवाल्यांकडून कर्ज घेतलं. माझ्या मुलाचं ऑपरेशन झालं, दोन हप्ते चुकले. आता वसुलीवाला रात्री नऊपर्यंत दारात बसतो, बाकीच्या बायकांनाही आणून बसवतो, म्हणतो टीव्ही विक. दुसऱ्या कंपनीचं कर्ज घेऊन हे फेडू का? — नालासोपारा

उत्तर : नका घेऊ. एकाचं फेडायला दुसरं, दुसऱ्याचं फेडायला तिसरं, यातच बायका मंगळसूत्रापर्यंत पोचतात.

रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे, म्हणजे अशा छोट्या विनातारण कर्जांचे नियम १ एप्रिल २०२२पासून लागू आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची, लागोपाठ दोनदा तुम्ही तिथे गेला नाहीत तरच घरी येता येतं, आणि घरी आला तरी धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना शेजाऱ्यांना त्रास हे चालत नाही. या कर्जाला काही तारण नसतं, म्हणजे तुमचा टीव्ही उचलायचा त्याला काहीही अधिकार नाही. आणि कर्ज देतानाच बघायचं असतं की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत नाहीत, जे बहुतेक ठिकाणी नीट बघितलं जात नाही असं मला वस्तीत दिसतं.

तुम्हाला लोन कार्ड दिलेलं असेल, त्यावर तक्रारीचा नंबर असतो. तिथे लेखी कळवा की मुलाचं ऑपरेशन झालं, हे हॉस्पिटलचे कागद, हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या. तारीख टाकून, एक प्रत स्वतःकडे. पैसे बुडवायचे नाहीत हे स्पष्ट लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८. रात्री दारात बसला तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि धमकी दिली तर ११२. फुकट वकील हवा असेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर, बाईला तिथे उत्पन्नाची अट लागत नाही.

तुमच्या गटातल्या बायकांवर रागावू नका, त्यांनाही तो सांगतो की हिचा हप्ता तुम्ही भरा. त्या सगळ्यांना एकत्र बसवून हे नियम वाचून दाखवा, दहा जणी एकत्र उभ्या राहिल्या की तो नऊपर्यंत बसत नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात अशाच पिचलेल्या होत्या, प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना गटाने राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि १९८२च्या संपात गिरण्या थंड पडल्या तेव्हा कितीतरी घरं बायकांच्या कमाईवर तगली. तो गट बायकांचा स्वतःचा होता. तुमचा गट कंपनीने कर्ज वाटायला बनवलाय. हे कर्ज फिटलं की दहा जणींनी मिळून स्वतःचा बचत गट काढा, महिना शंभर-दोनशे का होईना, आजारपणाला पहिला पैसा तिथून निघाला पाहिजे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. दरवर्षी पन्नास हजार रुपये द्यायची इच्छा आहे. चांगली संस्था कशी ओळखावी? — नाशिक

उत्तर : बाई, पैसे द्यायच्या आधी अर्धा दिवस द्या. काम जिथे चालतं तिथे जा, ऑफिसात नको. तिथल्या एखाद्या आईला विचारा की इथली ताई शेवटची तुमच्या घरी कधी आली होती. संस्थेच्या माणसाला विचारा कोणती गोष्ट जमली नाही, जो अडखळत का होईना खरं सांगतो तिथे द्या. ऑडिट रिपोर्ट मागा, चांगली संस्था तो लगेच देते.

पगाराला पैसे द्यायला लोक कचरतात, ‘माझा पैसा मुलांपर्यंत गेला पाहिजे’ म्हणतात. अहो पण वस्तीत काम म्हणजे माणूसच असतो. डॉ. आर्मिडा फर्नांडिस मुंबईच्या सायन हॉस्पिटलात नवजात बाळांच्या डॉक्टर होत्या, १९८९ साली तिथे आशियातली पहिली दूधपेढी त्यांनी सुरू केली, आणि तरी बाळं इतकी नाजूक अवस्थेत का येतात याचं उत्तर हॉस्पिटलात नाही, वस्तीत आहे हे ओळखून १९९९ साली स्नेहा संस्था काढली. ते काम चालतं ते धारावीच्या गल्ल्यांतून घरोघर फिरणाऱ्या बायकांच्या पायांवर. त्यांचा पगार हाच कार्यक्रम. तुमचे पन्नास हजार ‘कार्यकर्तीच्या मानधनासाठी’ असं लिहून द्या आणि जमलं तर तीन वर्षं त्याच संस्थेला द्या, दरवर्षी नवीन शोधू नका.

चेकने किंवा ऑनलाइन द्या, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही, आणि ती सवलत जुन्या कर-पद्धतीतच आहे. पैशाबरोबर वाचन घ्यायला गेलात तर फार बरं होईल, निवृत्त शिक्षिका ही वस्तीला मिळणारी सगळ्यात मोठी देणगी आहे.

प्रश्न : मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलंय, तीन वर्षं गोवंडीत एका प्रोजेक्टवर आहे. मार्चमध्ये फंडिंग संपतंय, संस्था वस्ती सोडणार. बायका विचारतात ताई तू पण जाणार का. दोन महिने पगारही थकलाय. कसं सामोरं जाऊ?

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आठ वर्षांच्या मुलाला मोठं व्हायला दहा वर्षं लागतात आणि आपण त्याच्यासाठी अकरा-अकरा महिन्यांचे प्रोजेक्ट लिहितो, हे चूक आहे आणि ते फंडरना तोंडावर सांगायला हवं. पण ते मार्चच्या आत बदलणार नाही, म्हणून हातात काय आहे ते बघू.

वस्तीला आजच सांगा. शेवटच्या आठवड्यात केक कापून निरोप घेतात ना, ते फार क्रूर असतं. आता सांगितलंत तर लोकांना रागवायला, भांडायला आणि तयारीला वेळ मिळतो. संस्थेच्या वरिष्ठांनी वस्तीत येऊन, सगळ्यांसमोर बसून हे सांगावं असा आग्रह धरा, तुम्हाला एकटीला पुढे करू नये.

मग एक वही घ्या आणि अर्धवट राहिलेली प्रत्येक केस लिहा : कुणाचा बालसंगोपनचा अर्ज कुठे अडकलाय, कोणत्या मुलीचं लग्न थांबवलंय आणि ती अठराची कधी होते, कुठल्या बाईला मारहाण होते. प्रत्येकीसमोर वस्तीतल्याच किंवा सरकारी एका माणसाचं नाव आलं पाहिजे, अंगणवाडीताई, आशाताई, शाळेचे सर, घरगुती हिंसाचारासाठीचे संरक्षण अधिकारी. नुसता नंबर देऊ नका, त्या बाईला घेऊन जा आणि समोरासमोर भेट घालून द्या. मारहाणीच्या केसेस पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाशी जोडा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं ते काम सरकारने पुढे आपलंसं केलं म्हणून आज राज्यभर टिकून आहे, नाहीतर तेही कधीच बंद पडलं असतं.

लोकांचे जे मूळ कागद तुमच्या ऑफिसच्या कपाटात असतील ते सही घेऊन परत करा. मुलांच्या माहितीच्या फायली रद्दीत जाणार नाहीत याची खात्री करा. महिला मंडळातल्या दोघी-तिघींना आत्तापासून तहसीलला, वॉर्ड ऑफिसला पुढे करा, तुम्ही मागे उभ्या राहा, बोलू द्या त्यांना.

‘मी येतच राहीन’ असं वचन देऊ नका. नवी नोकरी मिळेल, ती दूर असेल. जमेल तेव्हा एखाद्या लग्नाला, बारशाला गेलात तर कुणी अडवणार नाही, आनंदच होईल त्यांना.

आणि थकलेला पगार ईमेलने मागा, महिना आणि रक्कम लिहून, विश्वस्तांना कॉपी करून. तुम्ही लोकांना पोचपावती घ्यायला शिकवता, ती स्वतःसाठीही घ्या. अनुभवाचं पत्र आणि पीएफ कापला जात असेल तर त्याचा तपशील मार्चच्या आधीच हातात घ्या, ऑफिस बंद झाल्यावर सही करायला कुणी सापडत नाही.